वाय-फाय सारखं तुटतंय? राउटरचं फर्मवेअर बदलून खरंच फरक पडतो का?

फोनवर वाय-फायची रेंज फुल दिसते, तरी पान उघडत नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलता बोलता चेहरा गोठतो. मॅचच्या नेमक्या शेवटच्या ओव्हरला टीव्हीवर गोल चक्र फिरायला लागतं. कस्टमर केअरला फोन लावला की ठरलेलं उत्तर मिळतं: राउटर बंद करा, दोन मिनिटांनी चालू करा. तसं केलं की नेट येतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

या उत्तराने लोक वैतागतात, पण त्यात एक धागादोरा आहे. भिंती तशाच, वायर तीच, शेजाऱ्यांची वाय-फायही तीच असताना फक्त बंद-चालू केल्याने नेट सुरळीत होत असेल, तर बिघाड बऱ्याचदा राउटरच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. या सॉफ्टवेअरला फर्मवेअर म्हणतात. युट्यूबवर आणि सोशल मीडियावर 'फर्मवेअर बदला, प्रॉब्लेम संपला' असा सल्ला सर्रास मिळतो तो यामुळेच.

हा सल्ला काही वेळा अगदी बरोबर असतो, काही वेळा पूर्ण चुकीचा. आणि भारतातल्या बहुतेक फायबर ग्राहकांना तो पाळताच येत नाही, कारण घरातल्या त्या डब्यावर त्यांचा ताबाच नसतो.

राउटर म्हणजे छोटा कॉम्प्युटर

राउटरमध्ये प्रोसेसर असतो, मेमरी असते आणि एक ऑपरेटिंग सिस्टिम असते. घरातला प्रत्येक फोन, टीव्ही, कॅमेरा कोणत्या सर्व्हरशी बोलतोय, याची नोंद राउटर आपल्या मेमरीत ठेवतो. स्वस्तातल्या राउटरमध्ये ही मेमरी फोनच्या तुलनेत नगण्य असते. फर्मवेअर नीट लिहिलेलं नसेल तर जुन्या नोंदी पुसल्या जात नाहीत, मेमरी हळूहळू भरत जाते आणि तीन-चार दिवसांनी राउटर गळपटतो. बंद-चालू केलं की पाटी कोरी होते. म्हणून तो उपाय चालतो, आणि म्हणूनच तो टिकत नाही.

पण फर्मवेअरमधला दोष दरवेळी इतका सरळ सापडत नाही. जानेवारी २०१८ मधलं एक प्रकरण यासाठी बघण्यासारखं आहे. अनेक देशांतल्या लोकांच्या तक्रारी येऊ लागल्या की घरात गुगल होम स्पीकर किंवा क्रोमकास्ट आणल्यापासून वाय-फाय बंद पडतंय. सुरुवातीला बोट दाखवलं गेलं ते टीपी-लिंकच्या आर्चर सी७ या लोकप्रिय राउटरकडे. मग इतर कंपन्यांच्या राउटरबद्दलही तशाच तक्रारी दिसू लागल्या.

टीपी-लिंकच्या इंजिनीअरांनी तपास केला तेव्हा चक्रावणारी गोष्ट समोर आली. फोनमधलं 'कास्ट' हे फीचर घरात क्रोमकास्टसारखी उपकरणं आहेत का, हे शोधण्यासाठी नेटवर्कवर ठरावीक वेळाने हाक मारत असतं. ही हाक साधारण दर २० सेकंदांनी जायला हवी. पण उपकरण झोपेत, म्हणजे स्लीप मोडमध्ये, असताना न मारलेल्या हाका साठून राहायच्या आणि ते जागं झालं की सगळ्या एकदम सुटायच्या. जितकी झोप लांब, तितका लोंढा मोठा. कंपनीच्या म्हणण्यानुसार हा आकडा एक लाख पॅकेट्सच्या वर जाऊ शकत होता. या माऱ्याने राउटरची मेमरी संपायची आणि वाय-फाय कोसळायचं.

म्हणजे मूळ चूक फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये होती, पण शिक्षा राउटरला झाली. टीपी-लिंकने काही मॉडेल्ससाठी फर्मवेअर बदलून दिलं, गुगलने १८ जानेवारीपासून अँड्रॉइड फोनमधल्या प्ले सर्व्हिसेसमध्ये दुरुस्ती पाठवली. ज्यांनी त्या आठवड्यात वैतागून नवा राउटर विकत घेतला असेल, त्यांचे पैसे फुकट गेले असण्याची शक्यता मोठी आहे.

आधी शोधा, तुटतंय नेमकं कुठे?

'वाय-फाय गेलं' या एका वाक्यात किमान तीन वेगळे आजार लपलेले असतात. त्यामुळे पुढच्या वेळी नेट गेलं की लगेच बटण बंद करू नका, दोन मिनिटं बघा.

फायबरच्या डब्यावर 'एलओएस' नावाचा दिवा लाल झाला असेल, तर बाहेरून येणारी फायबर तुटली किंवा वाकली आहे. रस्त्याचं खोदकाम, गच्चीवरचं माकड, उंदीर, काहीही कारण असू शकतं. इथे फर्मवेअरचा काडीचाही संबंध नाही, तक्रार नोंदवणं हाच उपाय.

दिवे ठीक असतील तर लॅपटॉपला लॅनची वायर जोडून बघा. वायरवर नेट चालतंय आणि वाय-फायवर नाही, तर दोष हवेतल्या लहरींचा. वायरवरही नेट नसेल, तर ब्राउझरमध्ये राउटरचा स्वतःचा पत्ता टाका. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, डब्याच्या मागच्या स्टिकरवर छापलेला असतो. ते पान पटकन उघडलं तर राउटर जिवंत आहे आणि अडचण त्याच्या पुढे, कंपनीच्या बाजूला आहे. पानही उघडत नसेल तर राउटरच अडकला आहे.

त्याच पानावर 'अपटाइम' म्हणून एक आकडा दिसतो, राउटर किती वेळ सलग चालू आहे हे सांगणारा. तुम्ही दोन दिवस त्याला हात लावलेला नाही आणि अपटाइम सहा मिनिटं दाखवतोय, तर तो मधल्या मध्ये स्वतःच बंद होऊन सुरू झाला आहे. अशा वेळी फर्मवेअरच्या आधी अडॅप्टरवर संशय घ्यावा. वर्षानुवर्षं प्लगमध्ये तापत राहिलेला अडॅप्टर पुरेसा विद्युतप्रवाह देऊ शकत नाही आणि लोड वाढला की राउटर झटका खातो. तेवढ्याच व्होल्टचा आणि किमान तेवढ्याच अँपिअरचा नवा अडॅप्टर लावून बघणं, हा सगळ्यात स्वस्त प्रयोग आहे.

दोष लहरींचा निघाला, तर शहरातल्या सोसायटीत गर्दी हे त्याचं मोठं कारण असतं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. एका विंगमध्ये ४० फ्लॅट असतील तर ४० राउटर या तीन गल्ल्यांमधून वाट काढतात. शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हन आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात. यूएसबी ३.० च्या हार्ड डिस्क आणि त्यांच्या वायरींमुळेही इथे गोंगाट वाढतो, हे इंटेलने २०१२ मध्येच दाखवून दिलं होतं. राउटरच्या मागे कुणी पेन ड्राइव्ह लावून ठेवला असेल तर तो काढून बघायला हरकत नाही.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो, पण आरसीसी भिंतीपलीकडे तो दमतो. त्यात आणखी एक मेख आहे. या पट्ट्यातले ५२ ते १४४ हे मधले चॅनल अनेक देशांत हवामान आणि लष्करी रडारसोबत वाटून घेतलेले असतात. अशा चॅनलवर असलेल्या राउटरला रडारसारखी लहर जाणवली, की त्याने ताबडतोब तो चॅनल सोडायचा असतो. नव्या चॅनलवर जाण्याआधी किमान ६० सेकंद कान देऊन बसावं लागू शकतं. घरातल्यांना फक्त एवढंच कळतं की मिनिटभर नेट गेलं. विमानतळाजवळ राहणाऱ्यांना हे वारंवार होत असेल तर ३६ ते ४८ मधला एखादा चॅनल पक्का करून ठेवावा. 'ऑटो चॅनल'चा पर्याय बंद केल्यानेच अनेकांचं दुखणं बरं होतं.

तक्रार तुटण्याची, आजार रांगेचा

एक प्रकार मात्र असा आहे, जिथे नेट तुटत नाही पण तुटल्यासारखं वाटतं. घरातल्या कुणाच्या तरी फोनचे फोटो क्लाउडवर अपलोड व्हायला लागले, की त्याच क्षणी दुसऱ्या खोलीतला व्हिडिओ कॉल अडखळतो. स्पीड टेस्ट केली तर १०० एमबीपीएस दाखवते. मग तक्रार करायची तरी कशाची?

बेल लॅब्जमध्ये काम करणाऱ्या जिम गेटीस यांना २०१० मध्ये घरच्या नेटवर हाच अनुभव आला आणि त्यांनी त्याच्या मुळाशी जायचं ठरवलं. मेमरी स्वस्त झाल्यामुळे कंपन्यांनी राउटर आणि मोडेममध्ये मोठमोठे बफर, म्हणजे पॅकेट्स थांबवून ठेवायच्या जागा, बनवून ठेवल्या होत्या. एकही पॅकेट वाया जाऊ नये हा हेतू. झालं उलटंच. टोलनाक्यावर एकाच लेनमध्ये शंभर ट्रक उभे करावेत आणि त्यांच्यामागे अँब्युलन्स अडकावी, तसा कॉलचा आवाज फोटोंच्या रांगेत अडकू लागला. गेटीस यांनी या रोगाचं नाव ठेवलं 'बफरब्लोट'.

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग आटोक्यात ठेवायची एक पद्धत मांडली. तिच्यावर आधारित 'एफक्यू-कोडेल' ही पद्धत त्याच वर्षी लिनक्समध्ये आली. ती प्रत्येक संभाषणाची रांग वेगळी धरते, त्यामुळे छोट्या पॅकेट्सना पुढे वाट मिळते. पुढे वाय-फायमध्येही सुधारणा झाली. लांबच्या खोलीतला एखादा जुना, संथ फोन बोलायला लागला की इतरांची हवेतली वेळ तोच खाऊन टाकायचा. २०१७ च्या सुमारास मोकळ्या फर्मवेअरमध्ये ही वेळ समान वाटून देण्याची सोय आली.

यातल्या कुठल्याच गोष्टीसाठी नवं हार्डवेअर लागलं नाही. तोच डबा, आतलं सॉफ्टवेअर वेगळं. फर्मवेअर बदलण्याच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा कुठला असेल तर तो हा. मात्र त्यासाठी लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडी कमी मर्यादा, साधारण ८५ ते ९० टक्के, स्वतः घालून द्यावी लागते. म्हणजे रांग कंपनीच्या उपकरणात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते आणि तिथे तिला शिस्त लावता येते. स्पीड टेस्टचा आकडा कमी होतो, कॉल मात्र सुरळीत चालतो. हा सौदा लोकांच्या पचनी पडायला वेळ लागतो.

मोकळं फर्मवेअर आलं कुठून?

लिंक्सिस कंपनीने डिसेंबर २००२ मध्ये डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा राउटर बाजारात आणला. पुढच्याच वर्षी सिस्कोने लिंक्सिस विकत घेतली आणि त्याच सुमाराला काही प्रोग्रॅमरच्या लक्षात आलं की या राउटरच्या आत लिनक्स आहे. लिनक्स फुकट वापरता येतं, पण त्याच्या परवान्याची एक अट आहे: त्यावर आधारलेलं उत्पादन विकणाऱ्याने त्यातला लिनक्सचा कोड, केलेल्या बदलांसकट, खुला केला पाहिजे. कंपनीने तसं केलं नव्हतं. दबाव वाढला आणि २००३ मध्ये कोड खुला झाला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला. डीडी-डब्ल्यूआरटी आणि टोमॅटो ही त्याच काळातली भावंडं.

कंपनीने २००५ मध्ये याच राउटरच्या पाचव्या आवृत्तीतून लिनक्स काढलं आणि मेमरीही निम्मी केली. हौशी लोकांनी ओरड केल्यावर जुनी लिनक्सवाली आवृत्ती नावात एक 'एल' जोडून वेगळी विकायला काढली. नाव तेच, डबा तोच, आतला माल वेगळा, ही पद्धत तेव्हापासूनची आहे आणि आज फर्मवेअर बदलणाऱ्यांची सगळ्यात मोठी फजिती हिच्यामुळेच होते.

भारतातल्या असंख्य घरांत दिसलेला टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८४१एन घ्या. या एकाच नावाखाली डझनभराहून जास्त हार्डवेअर आवृत्त्या निघाल्या. एका आवृत्तीची फाइल दुसऱ्या आवृत्तीवर टाकली, तर राउटरची वीट होते. फर्मवेअर चढत असताना लाइट गेली तरी तेच. त्यामुळे मागच्या स्टिकरवरचा 'व्हर्जन' आकडा वाचल्याशिवाय आणि इन्व्हर्टरची सोय असल्याशिवाय या भानगडीत पडू नये.

शिवाय, प्रत्येक राउटर यासाठी लायक नसतो. ८४१एनच्या अनेक आवृत्त्यांत ४ एमबी साठवण आणि ३२ एमबी रॅम आहे, आणि एवढ्यात ओपनडब्ल्यूआरटीच्या आजच्या आवृत्त्या मावत नाहीत. ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपसाठी चांगले खुले ड्रायव्हर नाहीत, त्यामुळे अशा राउटरवर फर्मवेअर बदलून वाय-फाय सुधारण्याऐवजी बिघडण्याचीच शक्यता जास्त. चिपमध्येच खोट असेल तर सॉफ्टवेअर ती झाकू शकतं, भरून काढू शकत नाही. इंटेलच्या प्युमा ६ चिपवर चालणाऱ्या केबल मोडेममध्ये २०१६ मध्ये अचानक उशीर होण्याचा दोष उघड झाला, तेव्हा फर्मवेअरच्या दुरुस्त्या आल्या, तरी वापरणाऱ्यांच्या तक्रारी त्यानंतरही चालूच राहिल्या.

म्हणून क्रम असा असावा: आधी कंपनीचंच नवं फर्मवेअर आलंय का ते बघा, ते टाका, फॅक्टरी रीसेट करून सेटिंग्ज हाताने पुन्हा भरा आणि आठवडाभर थांबा. अनेक प्रकरणं इथेच संपतात. मोकळ्या फर्मवेअरकडे त्यानंतर वळावं, तेही ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत आपलं मॉडेल आणि आवृत्ती सापडली तरच.

डबा घरात, ताबा कंपनीचा

आता भारतातल्या अडचणीकडे. फायबरचं कनेक्शन घेतलं की कंपनी किंवा केबलवाला स्वतःचाच डबा बसवून जातो. फायबरचं मोडेम आणि वाय-फाय राउटर दोन्ही त्यातच. त्याचं फर्मवेअर कंपनीने आपल्यासाठी बनवून घेतलेलं असतं आणि ते बदलायचं कधी, हे कंपनीच ठरवते. टीआर-०६९ नावाच्या २००४ पासूनच्या एका मानकामुळे कंपनीला हे दूर बसून करता येतं. कस्टमर केअरवाला फोनवर बोलता बोलता तुमचा राउटर रीस्टार्ट करतो, तो याच वाटेने. वयस्कर आई-बाबांच्या घरी ही सोय फार उपयोगाची आहे, हेही मान्य करायला हवं.

पण अपडेट आलंच नाही तर ग्राहकाच्या हातात काही उरत नाही. आणि प्रश्न फक्त तुटणाऱ्या नेटचा नसतो. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांच्या मोडेमवर मालवेअरचा हल्ला झाला. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेले मोडेम त्यात बंद पडले आणि कंपनीला पासवर्ड बदलण्याचं आवाहन करावं लागलं. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इशारा दिला की ज्यांना कंपनीने अपडेट देणं थांबवलंय असे जुने राउटर, त्यात लिंक्सिसची बरीच मॉडेल्स, गुन्हेगार ताब्यात घेऊन भाड्याने देत आहेत. अशा राउटरचा मालक वाय-फाय मंद का झालं म्हणून वैतागत असतो, आणि त्याच्या पत्त्यावरून तिसराच कुणी धंदा करत असतो.

इतर देशांत यावर वेगवेगळे मार्ग निघाले. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून घरातला राउटर निवडायचा हक्क कायद्याने ग्राहकाला मिळाला. कंपनीची हद्द भिंतीतल्या सॉकेटपाशी संपते आणि कनेक्शनसाठी लागणारी लॉगिन माहिती तिने न मागता द्यायची असते. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या डब्यांना सरसकट एकच सोपा पासवर्ड देऊन विकायला बंदी आली आणि सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळतील हे सांगणं कंपन्यांना बंधनकारक झालं. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. त्यातल्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील, आणि सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षं अपडेट द्यावे लागतील.

अमेरिकेत मात्र गाडी आधी उलट्या दिशेने गेली होती. हवामान रडारमध्ये व्यत्यय येतो म्हणून तिथल्या एफसीसी या नियामकाने २०१५ मध्ये कंपन्यांना विचारलं की बाहेरचं फर्मवेअर तुम्ही कसं रोखता. कंपन्यांनी सोपा मार्ग धरला, राउटरला सरसकट कुलूप. टीकेनंतर एफसीसीने भूमिका स्पष्ट केली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये टीपी-लिंकशी तडजोड झाली. जादा ताकदीने लहरी सोडू देणारे राउटर विकल्याबद्दल कंपनीने दोन लाख डॉलर दंड भरला आणि बाहेरचं फर्मवेअर चालू देण्याच्या दिशेने काम करायचंही कबूल केलं.

भारतात सरकारने लहरींची दारं टप्प्याटप्प्याने उघडली आहेत. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा विनापरवाना वापरासाठी मोकळा झाला, आणि मे २०२५ मध्ये ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या भागासाठी नियमांचा मसुदा आला. गर्दीच्या सोसायट्यांना याचा फायदा होईल. डब्याच्या आतलं फर्मवेअर कोणाच्या ताब्यात असावं, ही चर्चा मात्र अजून रंगलेली नाही.

तोवर कंपनीच्या डब्याला हात न लावता एक वाट निघते. कस्टमर केअरला डबा 'ब्रिज मोड'वर टाकून द्यायला सांगता येतं. मग तो फक्त फायबरचं मोडेम म्हणून काम करतो आणि वाय-फाय, रांगेची शिस्त, फर्मवेअर, सगळं त्याला वायरने जोडलेल्या तुमच्या स्वतःच्या राउटरवर येतं. काही कंपन्या हे लगेच करून देतात, काही टाळाटाळ करतात. लँडलाइन किंवा टीव्ही त्याच डब्यावर असेल तर ते चालू राहील का, हे आधी विचारून घ्यावं. नकारच मिळाला तर डब्याचं वाय-फाय बंद करून आपला राउटर त्याला जोडला, तरी बऱ्याच घरांत काम भागतं.

आणि नवा राउटर घ्यायचाच असेल तर खोक्यावरच्या अँटेना मोजण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात: कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं शेवटचं फर्मवेअर कोणत्या तारखेचं आहे, आणि ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत ते मॉडेल आहे का. ओपनडब्ल्यूआरटीनेच नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन' नावाचा स्वतःचा राउटर ८९ डॉलरला आणला. त्यात साठवणीच्या दोन वेगळ्या चिप आहेत. एकीवरचं फर्मवेअर चढवताना लाइट गेली, तर दुसरीवरून तो पुन्हा उठवता येतो.